सुझोऊला निघालात? चिनी सण रस्त्यावर नाही, घरात शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब ऑगस्ट २०२६ मध्ये चीनमधल्या सुझोऊ शहरात राहायला चाललं आहे. नवऱ्याची नेमणूक तिथल्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. घरी शाकाहार, अंडं चालतं. चिनी नववर्षाच्या सुट्टीत भारतात यावं की तिथंच थांबावं, आणि थांबलं तर परक्या माणसाच्या वाट्याला त्या सणातलं खरंच काही येतं का, हे त्यांना विचारायचं आहे. कुणा परिचितांनी त्यांना सांगितलं आहे की त्या दिवसांत सगळं बंद असतं, मुलं कंटाळतात, सरळ थायलंडचं तिकीट काढा.

शांघाय-सुझोऊ पट्ट्यात नव्याने आलेल्या परदेशी कुटुंबांचं बस्तान बसवून देणं हे माझं काम. घर, शाळा, पोलिसांकडची नोंदणी, आणि मग हळूहळू बाकीचं सगळं. माझी मुलंही तिथंच वाढली. माझं उत्तर स्वच्छ आहे: पहिल्याच वर्षी थांबा. भारतात उन्हाळ्यात या, दिवाळीला या, पण ६ फेब्रुवारी २०२७ चं नववर्ष सुझोऊत काढा.

परिचितांनी सांगितलं ते खोटं नाही. सगळं बंद असतंच. भाजीवाला गावी गेलेला असतो, न्हावी गेलेला असतो, पार्सल आणणारी मुलं निम्म्याहून कमी झालेली असतात. सुझोऊत काम करणारी कितीतरी माणसं आन्हुई, हनान, उत्तर च्यांगसू या भागांतून आलेली आहेत, आणि नववर्षाच्या आधी ती सगळी घरी परततात. सुमारे ४० दिवस चालणारी ही प्रवासाची लाट रेल्वे स्टेशनवर नुसतं उभं राहिलं तरी कळते. गणपतीत कुणी परका माणूस लक्ष्मी रस्त्यावर उभा राहिला, तर सण त्याच्यापर्यंत चालत येतो. चिनी नववर्षाचं तसं नाही. ज्याने त्याने आपल्या आईवडिलांच्या घरी पोचावं, दार लावून घ्यावं आणि सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसावं, हा त्या सणाचा गाभा. रस्त्यावर सण शोधायला गेलेल्या परदेशी कुटुंबाला बंद शटर दिसतात आणि ते म्हणतं, इथं काही नसतं.

म्हणून फेब्रुवारीत तयारीला लागून भागत नाही. कुणाच्या तरी घरी तुमच्यासाठी चार खुर्च्या मांडल्या जाव्यात एवढी ओळख आधी व्हावी लागते. वर्षातले छोटे सण त्याच कामाचे आहेत, आणि तुम्ही ऑगस्टमध्ये पोचताय हे फार सोयीचं आहे.

चिनी पंचांग आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना धरून चालतं. महिना अमावास्येला सुरू होतो, पौर्णिमा पंधराव्या दिवसाच्या आसपास येते, आणि १९ वर्षांत ७ अधिक महिने असतात. पण त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक मास एकाच वर्षी येईलच असं नाही, त्यामुळे सणांच्या जोड्या दर वर्षी बदलतात. २०२५ मध्ये त्यांचा मध्य-शरद सण, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र बघण्याचा सण, आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती. २०२६ मध्ये तो सण २५ सप्टेंबरला आहे आणि त्याच दिवशी आपली अनंत चतुर्दशी आहे. घरी गणपती बसवणार असाल तर शाडूची लहान मूर्ती न्या आणि विसर्जन घरातच बादलीत करा. तिथल्या कालव्यांत किंवा तळ्यांत मूर्ती सोडायला जाऊ नका. दुपारी आरती-विसर्जन उरकलं की संध्याकाळी मुलांना घेऊन जिनजी तळ्याच्या काठी जा. तिथं अख्खी कुटुंबं चंद्र बघायला आलेली असतात. मुलांच्या हातात कागदी कंदील द्या. गप्पा आपोआप सुरू होतात, कारण लहान मुलं बघून थांबत नाहीत असे आजी-आजोबा तिथं विरळाच.

मूनकेक, म्हणजे या सणाचा सारण भरलेला गोल केक, त्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. सुझोऊचा स्वतःचा मूनकेक पापुद्र्यांचा असतो, आत डुकराच्या मांसाचं सारण, आणि तो भट्टीतून निघाल्या निघाल्या गरम विकतात. दुकानापुढची लांबलचक रांग बघून मुलं हट्ट धरतील. गोड सारणाच्या सुझोऊ मूनकेकमध्येही पापुद्रे सुटावेत म्हणून परंपरेने डुकराची चरबी घालतात. दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांताच्या पद्धतीचा, कमळबियांच्या किंवा लाल बीन्सच्या पुरणाचा मूनकेक तुम्हाला जास्त सोयीचा. त्यात बऱ्याचदा खारवलेला अंड्याचा बलक असतो, तो तुम्हाला चालेल. पण चरबीची खात्री करूनच घ्या. अगदी निर्धास्त खायचं असेल तर शीयुआन मंदिर किंवा लिंगयान डोंगरावरचं मंदिर गाठा. दोन्ही बौद्ध मंदिरं आहेत, त्यांचे शाकाहारी मूनकेक नावाजलेले आहेत, आणि शीयुआनमधल्या शाकाहारी नूडल्स खायला लोक वर्षभर येतात.

इथंच खाण्याचा मोठा मुद्दा सांगून टाकते, तो वर्षभर लागेल. "मांस नको" एवढं सांगून चीनमध्ये शाकाहार होत नाही. सुकवलेली बारीक कोळंबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीच्या अर्काची पूड, चरबी, हाडांचं पाणी या गोष्टी बऱ्याच लोकांच्या लेखी मांस नसतात, चवीला घातलेल्या असतात. या सगळ्यांची नावं लिहिलेलं चिनी अक्षरांतलं एक कार्ड जाणत्या माणसाकडून करून घ्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि कुणाच्या घरी जेवायला जायच्या दोन दिवस आधी पाठवा. ताटावर बसून सांगू नका. यजमानाला आयत्या वेळी खजील करण्यासारखं वाईट काही नाही, आणि आधी कळलं तर ते लोक तुमच्यासाठी मन लावून करतात, हे मी खात्रीने सांगते.

मध्य-शरद सणाला मूनकेकच्या पेट्या या घरातून त्या घरात फिरत असतात. तुम्हाला ऑफिसातून, शाळेतून मिळतील. तुम्हीही शेजारी, मुलांच्या वर्गातलं एखादं कुटुंब, घरकामाला येणाऱ्या आयी (आपल्या 'मावशी'सारखी तिथली हाक) आणि गेटवरचे पहारेकरी यांना द्या. पहिलं दार असंच उघडतं. दुसरं दार तुमच्या दिवाळीने उघडेल. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. भारतात येणार नसाल तर फराळाचे डबे करून त्याच घरांत पोचवा. माझा अनुभव असा की चिवडा, शेव आणि शंकरपाळे हातोहात संपतात, बेसनाचा लाडू मात्र बहुतेकांना फार गोड लागतो. त्यांच्या मिठाईत साखर बेतानेच असते.

आता सुझोऊचं खास सांगते, कारण बीजिंग-शांघायच्या माहितीत हे सापडत नाही. डिसेंबरमधला अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, तोंगच्र, चीनभर पाळतात, पण सुझोऊत त्याला नववर्षाच्या तोलाचा मान आहे. २०२६ मध्ये तो २२ डिसेंबरला येतो. सरकारी सुट्टी नसते, तरी आदल्या संध्याकाळी लोक ऑफिसातून लवकर निघतात आणि घरी सगळे मिळून जेवतात. त्या दिवसांतच मिळणारी, उसमँथसच्या फुलांचा वास असलेली तांदळाची गोडसर सौम्य दारू जुन्या गावातल्या दुकानांत विकायला येते आणि बाटल्या घेऊन लोक रांगेत उभे राहतात. चव घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मुलांना मात्र देऊ नका. या संध्याकाळी सुझोऊच्या शेजाऱ्याने जेवायला बोलावलं तर काहीही करून जा. नववर्षाच्या पूर्वसंध्येपेक्षा हे बोलावणं मिळणं सोपं, आणि घरच्या जेवणाची रीत इथंच शिकून होते.

मग येतं नववर्ष. २०२५ पासून सरकारी सुट्टीत पूर्वसंध्येचा दिवसही धरला आहे, आणि आसपासचे शनिवार-रविवार जोडून सलग आठवडाभर किंवा थोडी जास्त सुट्टी होते. जोडलेल्या दिवसांची भरपाई मात्र नंतरच्या-आधीच्या एखाद्या शनिवारी-रविवारी काम करून करावी लागते. सरकारचं सुट्ट्यांचं पत्रक आदल्या वर्षाच्या अखेरीस निघतं, ते बघूनच बेत आखा. नवऱ्याला रविवारी कामावर जायचं आणि मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळेला सुट्टी, असं हमखास होतं.

आयी साधारण आठ-दहा दिवस आधी गावी जातील आणि नववर्षाच्या पंधराव्या दिवशीच्या कंदिलांच्या सणापर्यंत परतणार नाहीत, असं धरूनच चाला. जाण्याआधी त्यांना पैसे घातलेलं लाल पाकीट द्यायचं असतं. शांघाय-सुझोऊकडे वर्षभर काम केलेल्या बाईला एका महिन्याचा पगार देणारी घरं बरीच आहेत; तुमच्याकडे त्या थोडेच महिने असतील, त्या हिशोबाने द्या, पण हात आखडू नका. बाई तिच्या मुलाला वर्षातून एकदा भेटायला चाललेली असते. त्यांना विचारा की गावी कोण कोण आहे, मुलांसाठी काही पाठवा. इतक्या महिन्यांत जेवढं सणाबद्दल वाचाल त्याहून जास्त त्या अर्ध्या तासात कळेल.

तयारीचा आठवडा हा माझ्या मते मुलांसाठी सणाहून चांगला. पूर्वसंध्येच्या आत घर झाडून-पुसून लख्ख करायचं असतं, कारण पहिल्या दिवशी केर काढत नाहीत. दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या ओळींची जोडी लावतात. नववर्षाच्या आधी बऱ्याच वस्त्यांच्या समाजकेंद्रांत सुलेखन येणारे ज्येष्ठ लोक बसून या जोड्या लिहून देतात, बहुधा फुकट. मुलांना तिथं घेऊन जा आणि हातात कुंचला मागा. परदेशी मुलगी लिहितेय म्हटल्यावर चार आजोबा शिकवायला येतील. छापील जोडी बाजारात कुठंही मिळते, ती लावण्यात ही मजा नाही. या आठवड्यातच भाजी, फळं, पीठ, दूध, नेहमीची औषधं असा आठ-दहा दिवसांचा साठा करून ठेवा.

पूर्वसंध्येच्या जेवणाला, म्हणजे ५ फेब्रुवारीच्या रात्री, कुणी बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ते जेवण रक्ताच्या नात्यांचं असतं. त्यांचे स्वतःचे जावई-सुनासुद्धा कुणाच्या घरी बसायचं यावर वाद घालतात. बोलावलं, आणि दोन-तीनदा आग्रहाने बोलावलं, तर नक्की जा. एकदाच म्हटलं असेल तर ते सौजन्य समजा. घरीच असाल तर तुमचं ताट तुम्ही मांडा. सुझोऊ-नानजिंगकडे या रात्री दहा भाज्यांचा एक थंड पदार्थ करतात, मोड आलेलं सोयाबीन, गाजर, कमळाचा देठ, सुकवलेले मशरूम वगैरे वेगवेगळे परतून एकत्र केलेला. पूर्ण शाकाहारी. तो शिका, अवघड नाही, वेळखाऊ आहे. शांघायच्या ताटात खाव-फू असतं, गव्हाच्या ग्लुटेनचे सच्छिद्र तुकडे, शेंगदाणे आणि काळे मशरूम घालून गोडसर केलेले. तेही तुम्हाला चालतं. रात्री आठला टीव्ही लावा. १९८३ पासून दर वर्षी होणारा चीनच्या सरकारी वाहिनीचा नववर्षाचा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालतो, भाषा कळली नाही तरी कसरती आणि नाच मुलं बघत बसतात. मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे त्यावरच बोलतात. वीचॅट या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपमध्ये डिजिटल लाल पाकिटं पडत असतात. एका पाकिटात नेहमी जास्तीत जास्त २०० युआन टाकता येतात, पण ग्रुपमध्ये दहा-वीस युआन बऱ्याच जणांत वाटून टाकण्यातच गंमत असते. मुलीच्या हातात फोन द्या, मोठ्यांआधी ती पाकिटं उघडेल. फटाक्यांवर शहरात बहुतेक ठिकाणी निर्बंध असतात, त्यामुळे सोसायटीच्या वीचॅट ग्रुपवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

पहिला दिवस वडिलांकडच्या मोठ्यांना भेटण्याचा, दुसरा दिवस लेकी-जावयांनी माहेरी जाण्याचा, तिसऱ्या दिवशी जुनी माणसं कुणाकडे जाणं टाळतात. त्यामुळे ओळखीच्या घरी भेटीला जायचं असेल तर चौथ्या दिवसानंतर विचारा. पाचव्या दिवशी धनदेवतेचं स्वागत असतं आणि दुकानं हळूहळू उघडायला लागतात. पहिल्या दिवशी शीयुआन मंदिरात जाता येईल, पण गर्दी प्रचंड असते. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी सकाळी लवकर तरी जाईन किंवा तो दिवस सोडून तरी देईन.

आता खरं भाग्य. समजा नवऱ्याच्या सहकाऱ्याने किंवा आयींनीच म्हटलं, आमच्या गावी चला. अशी बोलावणी येतात, विशेषतः मुलं असलेल्या कुटुंबांना. जा. पण चार गोष्टी आधी समजून घ्या.

थंडी सगळ्यात महत्त्वाची. ह्वाय नदीच्या दक्षिणेकडे सरकारी मध्यवर्ती हीटिंग नाही, आणि खेड्यांतली घरं दिवसभर दारं उघडी ठेवून असतात. तापमान शून्याच्या आसपास, हवा ओली. घरातही लोक जाड जाकिट घालूनच जेवतात. थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे, घरात घालायच्या उबदार सपाता आणि झोपताना गरम पाण्याची पिशवी न्या. गारठलेलं मूल सण बघत नाही.

नोंदणी दुसरी. परदेशी माणूस हॉटेल सोडून कुणाच्या घरी राहिला, तर २४ तासांच्या आत तिथल्या पोलिस ठाण्यात नोंद करावी लागते. हा कायदा आहे, सणातही लागू आहे. यजमानाला आधीच सांगा, पासपोर्ट आणि निवास परवाना सगळ्यांचा जवळ ठेवा, आणि पोचल्या दिवशीच जाऊन या. लहान गावातल्या ठाण्याला याची सवय नसेल तर वेळ लागतो. यजमानाच्या कुणा नातेवाइकाने सोबत यावं. हे टाळलं तर त्रास तुमच्याइतकाच त्यांनाही होतो.

टेबलावरची रीत तिसरी. दाराकडे तोंड असलेली जागा घरातल्या मोठ्यांची किंवा मानाच्या पाहुण्याची. बसवतील तिथं बसा. थोरांनी काड्या उचलल्याशिवाय सुरू करू नका. पाय्च्यू ही तांदूळ-ज्वारीची कडक दारू, बऱ्याचदा ५० टक्के अल्कोहोलच्या आसपास, आणि आग्रह सतत. नवऱ्याला घ्यायची नसेल तर पहिल्या पेल्यालाच "औषध चालू आहे" किंवा "मी घेत नाही" असं सांगून चहाचा पेला उचलावा. पहिला घेतला आणि चौथ्याला नाही म्हटलं, तर ते पटत नाही. पेला भिडवताना आपली कड मोठ्यांच्या कडेपेक्षा खाली असावी. अख्खा मासा टेबलावर येईल आणि मुद्दाम संपवला जाणार नाही. तुम्ही खात नाही म्हणून कुणाला वाईट वाटणार नाही, पण तोंड वाकडं करू नका, मुलांनाही आधी समजावून ठेवा. उत्तरेकडच्या घरांत मध्यरात्री च्याओत्स, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या उकडीच्या करंज्या, वळतात. अंडं आणि पातीच्या कांद्यासारख्या च्योछाय या भाजीचं सारण सर्रास असतं, ते तुम्हाला चालेल, फक्त त्यात सुकी कोळंबी टाकू नका असं सांगून ठेवा. च्याओत्स वळायला मात्र तुम्ही आणि मुलगी दोघी बसा. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हाताला ते पटकन जमतं, आणि स्वयंपाकघरातल्या बायकांशी भाषा न येता मैत्री करायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

लाल पाकिटं चौथी. तुमच्या मुलांना ती मिळणारच. दोन्ही हातांनी घ्यायची, आधी नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या, "शिन न्येन ख्वाय ल" एवढं सहा वर्षांच्या मुलालाही पाठ होतं, आणि समोर उघडायचं नाही. आजीला नायनाय, आजोबांना येये, बायकांना आयी, पुरुषांना शूशू म्हणायला शिकवून न्या. नुसत्या नमस्कारापेक्षा नात्याची हाक त्या लोकांना फार भावते. तुमच्याकडेही घरातल्या प्रत्येक मुलासाठी पाकीट तयार हवं. नोटा कोऱ्या, रक्कम सम, चार हा आकडा कुठंही नको, सहा-आठ चांगले. किती घालायचे हे प्रांतावर फार अवलंबून आहे: क्वांगतुंगमध्ये पाच-दहा-वीस युआनवर भागतं, पूर्व किनाऱ्यावरच्या काही भागांत शेकड्यांत देतात. यजमानाच्या गावची रीत तिसऱ्याच माणसाला विचारा आणि तुमच्या दोन मुलांना मिळून साधारण जेवढं येईल तेवढं त्या घरात परत जाईल असं बघा. जाताना फळांची पेटी, सुकामेवा, चांगला चहा न्या, जोडीने न्या. घड्याळ, छत्री, नाशपती नेऊ नका, आणि पांढऱ्या-काळ्या कागदात काही गुंडाळू नका. दोन रात्री राहा, तिसऱ्या दिवशी निघा. यजमानीणबाईंवर त्या आठवड्यात कामाचा डोंगर असतो.

तुमच्या मुलीसाठी एक खास गोष्ट आहे. ६ फेब्रुवारी २०२७ ला मेंढीचं वर्ष सुरू होतं. १२ प्राण्यांच्या चक्रात मागचं मेंढीचं वर्ष १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालं होतं. तुमची मुलगी त्या तारखेनंतरची असेल तर हे तिचं स्वतःच्या जन्मप्राण्याचं वर्ष, आयुष्यातलं पहिलं. अशा वर्षी माणसाने जपून राहावं असं मानतात आणि त्याला लाल मोजे, लाल पट्टा, मनगटाला लाल दोरा देतात. वर्गातल्या बहुतेक मुलींचं तेच वर्ष असेल. सगळ्यांसारखे लाल मोजे घालून ती शाळेत जाईल तेव्हा "आपण वेगळ्या" ही भावना थोडी तरी कमी होते. अकरा-बाराव्या वर्षी याचं मोल फार असतं.

पंधराव्या दिवशी, २० फेब्रुवारीला, कंदिलांचा सण. हा रस्त्यावरचा सण आहे, मुलांना दाखवण्यासारखा. शांघायच्या यू बागेतले आणि नानजिंगच्या छिन्ह्वाय नदीकाठचे कंदील प्रसिद्ध आहेत, दोन्ही सुझोऊहून रेल्वेने जाऊन येण्याजोगे. पण नेमक्या त्या संध्याकाळी न जाता आधीच्या एखाद्या कामाच्या दिवशी जा. त्या संध्याकाळी घरी थांबा आणि परतलेल्या आयींना, शेजाऱ्यांना तुम्ही बोलवा. थांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे सारण भरलेले गोळे, तुम्ही करा. बाजारातल्या काळ्या तिळाच्या सारणात डुकराची चरबी असते, घरी तूप घालून केले तर चव तिळगुळाच्या जवळ जाते. एवढ्या दिवसांत ज्यांनी तुम्हाला खाऊ घातलं त्यांना परत बोलावण्याचा हा योग्य दिवस.

छिंगमिंग, ५ एप्रिल २०२७, पितरांच्या कबरी झाडून फुलं वाहण्याचा दिवस. इथं आपण होऊन कुणाच्या सोबत जायला मागू नका, दफनभूमीत फोटो काढू नका. पण मराठी कुटुंबाला या दिवशी स्वतःचं असं एक ठिकाण चीनमध्ये आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत तिथंच राहिले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. त्यांची समाधी उत्तरेकडे शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात आहे, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीबरोबर. छिंगमिंगच्या सुमारास चिनी शाळकरी मुलं तिथं फुलं घेऊन येतात. सुझोऊहून वेगवान रेल्वेने जाता येतं, प्रवास लांबचा आहे, बीजिंगच्या सहलीला जोडून घ्या. तिथं जाऊन आलेल्या ज्या मराठी मुलांना मी भेटले आहे, त्यांना चीन परका वाटणं बरंच कमी झालेलं मी पाहिलं. वर्गात "तू कोण?" या प्रश्नाला त्यांच्याकडे एक उत्तर असतं. येताना छिंगथ्वान खा, रानदवण्यासारख्या पाल्याच्या रसाने हिरवे झालेले तांदळाचे गोळे; लाल बीन्सचं सारण मागा, कारण हल्ली मांसाच्या कुटाचेही मिळतात.

शेवटचा ड्रॅगन बोटींचा सण, ९ जून २०२७. पुस्तकांत तो मीलुओ नदीत जीव दिलेल्या कवी च्यू युआनच्या आठवणीत असतो. सुझोऊत मात्र हे शहर वसवणाऱ्या वू त्सश्यू या मंत्र्याच्या नावाने पाळतात, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत हा सण गेला तेव्हा सुझोऊची ही रीतही त्यात होती. शहराच्या जुन्या शू दरवाजापाशी वू त्सश्यूचा पुतळा आहे. मुलांच्या मनगटाला पाचरंगी दोरे, दारावर दवण्याच्या जातीचा पाला आणि वेखंड. वेखंड आपल्याकडचंच, बाळंतघरातलं. तेवढं मुलांना दाखवा. बांबूच्या पानांत बांधून शिजवलेले चिकट भाताचे त्सोंगत्स साधे किंवा खजुराचे घ्या.

राहता राहिलं प्रवासाचं. रेल्वेची तिकिटं १२३०६ या सरकारी ॲपवर, पासपोर्टवर, प्रवासाच्या १५ दिवस आधी खुली होतात. नववर्षाच्या आसपास त्या मिनिटालाच बसावं लागतं. मुलगा सहा पूर्ण झाला असेल तर दोन्ही मुलांचं अर्धं तिकीट लागेल. नववर्षाच्या सुट्टीत महामार्गांचा टोल माफ असतो, म्हणून गाडी करून जायचा मोह टाळा, तासन्‌तास अडकाल. आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत तर कुठंच जाऊ नका. तेव्हा तुम्हाला जेमतेम दोन महिने झालेले असतील. त्या सुट्टीत शेजारी घरीच असतील तर त्यांना पोह्यांना बोलवा. पुण्याहून निघताना सामानात मोदकाचा साचा, वेलची, केशर, दार्जिलिंग चहाची दहा-बारा लहान पाकिटं आणि मुलांच्या मापाचे थर्मल टाका. यातली चहाची पाकिटं सगळ्यात आधी संपतील, शक्य तर वीस न्या.